सिंदखेडचे घरधनी : राजे लखुजीराव जाधव

महाराष्ट्राच्या इतिहासात काही पुरुष असे आहेत की, त्यांची ओळख त्यांच्या कर्तृत्वापेक्षा त्यांच्या नात्यांवरूनच अधिक दिली जाते. सिंदखेडचे राजे लखुजीराव जाधव हे त्यांपैकीच एक होत. राजमाता जिजाऊंचे वडील, शहाजीराजांचे सासरे आणि छत्रपती शिवरायांचे मातामह एवढे सांगितले की, त्यांच्याविषयी सारे सांगून झाले असे आपण मानतो. निजामशाहीतील मातब्बर सरदार, मोगल दरबारालाही ज्यांची किंमत मोजावी लागली असे सेनानी आणि वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेवर एक गाव घडविणारे वतनदार, ही त्यांची ओळख मात्र मागे पडते.

लखुजीरावांचे चरित्र सांगताना एक अडचण नेहमीच येते. फार्सी तवारिखा त्यांना ओळखतात त्या जादूराय किंवा जाधवराय या नावाने, आणि त्याही केवळ मोहिमा, मनसबी आणि पक्षांतरे यांच्या संदर्भात. घरातला, गावातला, कुटुंबवत्सल लखुजीराव त्या पानांत सापडत नाही. तो शोधायचा तर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे यावे लागते. तेथील राजवाडा, तलाव, बारवा, मंदिरे, समाधी आणि या साऱ्यांच्या भोवती नांदणारी वस्ती हीच त्यांच्या चरित्राची दुसरी पोथी आहे. ती जपली तरच हे चरित्र पूर्ण वाचता येईल.

यादवांचा वारसा

सिंदखेडचे जाधव घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेते. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी लयाला गेले; परंतु त्या नावाचा मान दख्खनमध्ये टिकून राहिला. बहमनी सत्ता आली आणि फुटली, तिच्यातून अहमदनगरची निजामशाही उभी राहिली. आणि या उलथापालथीत स्थानिक मराठा घराण्यांनी आपापली वतने सांभाळत पुन्हा डोके वर काढले. सिंदखेडची देशमुखी पूर्वी मुळे घराण्याकडे होती आणि पुढे ती लखुजीरावांकडे आली, असे परंपरा सांगते. ते कसे घडले याच्या हकीकती निरनिराळ्या आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडला जाधवांची मुळे घट्ट रुजली होती, एवढे मात्र निश्चित.

देशमुखी म्हणजे केवळ महसूल गोळा करण्याचा हक्क नव्हे. परगण्यातील शेती लागवडीखाली ठेवणे, रयतेला धीर देणे, पडीक गाव पुन्हा वसविणे, पाण्याची सोय करणे, बाजार भरविणे, तंटे मिटविणे ही सारी देशमुखाची कामे. सरकारचा सरदार दरबारी बदलू शके. देशमुख मात्र आपल्या मातीला बांधलेला असे. लखुजीरावांच्या आयुष्यात या दोन्ही भूमिका एकत्र आल्या. तलवारीने त्यांना दरबारात नेले आणि वतनाने त्यांना पुनःपुन्हा सिंदखेडला आणले.

सिंदखेडचे भौगोलिक स्थानही ध्यानात घ्यावयास हवे. पश्चिमेला निजामशाहीचे बळकट ठाणे दौलताबाद. उत्तरेला, घाट उतरून गेले की बाळापूर आणि त्यापलीकडे मोगलांची दक्षिणेतील छावणी बुऱ्हाणपूर. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांस द्यावा लागला आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. तेव्हापासून लखुजीरावांचे घर दोन सत्तांच्या ऐन सीमारेषेवर आले. ज्याच्या बाजूला सिंदखेड, त्याच्या बाजूला वऱ्हाडचा रस्ता, असा हा हिशेब होता. पुढील तीन दशकांत या घराला जे भोगावे लागले, त्याचे एक मूळ या हिशेबात आहे.

गाव घडविणारा वतनदार

लखुजीरावांची आणि त्यांच्या घराण्याची बांधकामे पाहिली म्हणजे या माणसाला गाव म्हणजे काय हे नीट उमगले होते, असे वाटल्यावाचून राहत नाही. राहता राजवाडा तर बांधलाच. परंतु त्याच्या जोडीला पाण्याची व्यवस्था केली. जाधवांच्या काळातील मोती तलाव हा आजही जाणकारांच्या कौतुकाचा विषय आहे. त्याची भिंत पाणी अडविते आणि पुढच्या बाजूने ती एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी दिसते. चांदणी तलावाच्या मधोमध मजली इमारत आहे. गावात आणि परिसरात बारवा आहेत. त्यांतील पुतळा बारव ही तिच्या शिल्पांमुळे प्रसिद्ध आहे. पर्जन्यछायेकडे झुकणाऱ्या या प्रदेशात पाणी साठविणे म्हणजेच वस्ती टिकविणे होय.

जुन्या वास्तूंकडे पाहण्याची लखुजीरावांची दृष्टीही लक्षणीय होती. नीलकंठेश्वराचे मंदिर त्यांच्या काळापूर्वीचे. त्यांनी ते पाडून नवे उभारले नाही. त्याचा जीर्णोद्धार केला आणि तशी नोंद शिलालेखात कोरवून ठेवली. आजच्या भाषेत यालाच वारसा संवर्धन म्हणतात. जुने सावरायचे, त्यात आपण काय भर घातली हे प्रामाणिकपणे नोंदवायचे आणि वास्तू पुन्हा वापरात आणायची, ही तीन सूत्रे सतराव्या शतकाच्या सुमारास सिंदखेडच्या या धन्याने पाळली होती.

काळाकोट या नावाने ओळखली जाणारी काळ्या पाषाणाची भव्य तटबंदी घराण्यातील जगदेवरावांच्या काळात उभारण्यास सुरुवात झाली असे सांगतात. या सर्व वास्तू एकमेकींपासून दूर, माळावर विखुरलेल्या नाहीत. त्यांच्यामध्ये गल्ल्या आहेत, घरे आहेत, चौक आहेत. वाडा, पाणी, देऊळ, बाजार आणि रयतेची घरे अशी ती एक सलग रचना होती.

लेकीचे माहेर

याच राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेला, लखुजीराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी जिजाऊंचा जन्म झाला. दत्ताजी, अचलोजी, रघोजी, बहादुरजी ही त्यांच्या पुत्रांची नावे. भरल्या घरातील ही लेक लाडाची होती; पण त्या काळच्या सरदार घराण्यात लाड म्हणजे लाडावणे नव्हते. घोडा, तलवार, दरबारी बोलणी, वतनाचे कागद आणि रयतेची गाऱ्हाणी हे सारे त्या वाड्याच्या सदरेवर रोज घडत असे आणि घरातील मुलांच्या कानावरून जात असे. पुढे पुण्याच्या उजाड प्रदेशात पुन्हा वस्ती उभी करताना जिजाऊंनी जी जाण दाखविली, तिचे पहिले धडे सिंदखेडच्या या सदरेवर मिळाले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

जाधव आणि वेरूळचे भोसले यांची सोयरीक कशी जमली याची कथा सर्वश्रुत आहे. रंगपंचमीच्या सणाला मालोजीराजे लहानग्या शहाजींना घेऊन आले, मुलांनी एकमेकांवर रंग उधळला आणि थट्टेत निघालेल्या बोलण्याला मालोजींनी वचनाचे रूप दिले, अशी ही कथा. सिंदखेडचा रंगमहाल हे तिचे स्थळ म्हणून दाखविले जाते. इतिहाससंशोधकांनी या कथेच्या तपशिलांबद्दल शंका घेतल्या आहेत. परंतु सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा विवाह झाला आणि दख्खनमधील दोन कर्तबगार घराणी जोडली गेली, याबद्दल दुमत नाही.

दोन दरबारांच्या मध्ये

अहमदनगर पडल्यावर निजामशाही जिवंत ठेवली ती मलिक अंबराने. त्याच्या गनिमी युद्धाला मराठा सरदारांचे घोडदळ हा मोठा आधार होता आणि त्या सरदारांत लखुजीरावांचे स्थान फार वरचे होते. पण अंबराच्या हाती सारी सत्ता एकवटू लागली तसे दरबारातील मातब्बर अस्वस्थ होऊ लागले. १६१६ च्या सुमारास लखुजीराव आणि इतर काही सरदार बाळापूरला जाऊन खानखानानचा मुलगा शाहनवाजखान याला मिळाले. त्यानंतरच्या लढाईत अंबराचा पराभव झाला आणि त्याने वसविलेल्या खडकी शहराची मोगलांनी नासधूस केली. खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर.

पुढे शाहजादा खुर्रम, म्हणजे भावी बादशहा शाहजहान, दक्षिणेत आला तेव्हा लखुजीराव मोगलांच्या बाजूला होते. त्यांना, त्यांच्या पुत्रांना आणि नातलगांना मिळून चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वार इतकी मनसब होती, असे बादशाही इतिहास नोंदवितात. दक्षिणेतील एका हिंदू घराण्याला मोगलांनी दिलेला हा मान असाधारण होता. सिंदखेडचे घर आपल्याकडे असणे मोगलांना किती मोलाचे वाटत होते, हे या आकड्यांवरूनच समजते.

लखुजीरावांना पक्षबदलू म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. त्या काळी राष्ट्र ही कल्पना नव्हती. धनी बदलला तरी वतन राखणे, आश्रितांची पथके पोसणे आणि परगण्याची जाळपोळ होऊ न देणे हे वतनदाराचे पहिले कर्तव्य समजले जाई. मोगल आणि निजामशाही यांच्या फौजा ज्या वाटेने येत-जात, त्याच वाटेवर ज्याचे गाव, त्याला दोन्हीकडे नजर ठेवूनच जगावे लागे.

या जगण्याची किंमत मात्र घराला मोजावी लागली. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळातून जाधव व भोसले यांच्यात चकमक झडली. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी त्यात मारले गेले. शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी भोसले यांच्या हातून हे घडले आणि पुत्रशोकाने संतप्त झालेल्या लखुजीरावांच्या हातून संभाजी मारले गेले, असे बखरकार सांगतात. शहाजीराजेही जखमी झाले. एका क्षुल्लक कारणाने सोयऱ्यांमध्ये रक्ताची रेघ ओढली गेली. १६२४ च्या भातवडीच्या प्रसिद्ध लढाईत शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूने लढले, तर लखुजीराव मोगलांच्या फौजेत होते. माहेर एका छावणीत आणि सासर दुसऱ्या छावणीत, असे जिजाऊंच्या नशिबी आले.

दौलताबादचा तो दिवस

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला, १६२७ मध्ये जहांगीर बादशहा निवर्तला आणि १६२८ मध्ये शाहजहान गादीवर बसला. दख्खनचे राजकारण पुन्हा पालटू लागले. या संधिकाळात लखुजीराव मोगलांना सोडून निजामशहाकडे परत आले. ज्या दरबारात त्यांची उमेद गेली, त्या दरबाराला पुन्हा उभे करता येईल असे त्यांना वाटले असेल. परंतु निजामशहाच्या मनात संशयाने घर केले होते. एकदा मोगलांकडे गेलेला एवढा बलाढ्य सरदार पुन्हा जाणार नाही कशावरून, हा तो संशय.

२५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव आपल्या पुत्रांसह दौलताबादच्या किल्ल्यात दरबारासाठी गेले. तेथे दबा धरून ठेवलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर अचानक हल्ला चढविला. पितापुत्रांनी प्रतिकार केला. पण तो व्यर्थ ठरला. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि दत्ताजींचे पुत्र यशवंतराव असे एकाच घरातील चौघे जण, आजोबा, मुलगे आणि नातू अशा तीन पिढ्या, एकाच दिवशी मारल्या गेल्या. मराठ्यांच्या इतिहासात दगाबाजीचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण एका घराचा कणाच मोडून टाकणारा असा प्रसंग विरळा.

या हत्येचे परिणाम निजामशाहीलाच भोवले. जाधवांचे उरलेले कुटुंब मोगलांकडे गेले. मराठा सरदारांचा दरबारावरील विश्वास उडाला. शहाजीराजांनीही १६३० मध्ये काही काळासाठी मोगलांची बाजू धरली. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. ज्यांच्या बळावर राज्य उभे होते त्यांनाच मारून एका राज्याने आपला शेवट जवळ ओढला.

वडिलांच्या आणि भावांच्या हत्येची वार्ता आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. परक्या दरबाराच्या मर्जीवर जगणाऱ्या घराचे काय होते, हे जिजाऊंनी आपल्याच माहेरात पाहिले होते. स्वतःचे राज्य असावे हा विचार त्यांच्या मनात कधी रुजला याचा पुरावा कोणत्याही कागदात मिळणार नाही. पण त्या विचाराला ओल मिळाली ती दौलताबादच्या रक्ताची, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मागे राहिलेले घर

त्या दिवशी दौलताबादेजवळ असलेल्या लखुजीरावांच्या पत्नी आणि बंधू जगदेवराव यांनी काय केले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ते सारे निघाले आणि थेट सिंदखेडला पोहोचले. चार कर्ते पुरुष गमावलेल्या त्या कुटुंबाला आसरा दिला तो त्या वाड्याने आणि त्याच्याभोवतीच्या गावाने. घराणे तेथून पुन्हा उभे राहिले. देऊळगावराजा, अडगावराजा, किनगावराजा, मेहुणाराजा या गावांच्या नावांमागे लागलेला राजा हा शब्द जाधवांच्या विस्ताराचीच खूण आहे. मराठ्यांचे पराक्रमी सेनापती धनाजी जाधव हेही याच वंशातले. त्यांचा वंश अचलोजींपर्यंत नेला जातो.

सिंदखेडला लखुजीरावांची समाधी बांधली गेली. काळ्या दगडाची ही घुमटाकार वास्तू एवढी भव्य आहे की, देशातील हिंदू राजपुरुषांच्या मोठ्या समाधींत तिची गणना होते. २०२४ च्या जून महिन्यात या छत्रीच्या जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाच्या पथकाला जमिनीत काही दगड दिसले. पुढे खोदकाम केले तेव्हा एका जुन्या मंदिराचा पाया आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड, देखणी मूर्ती सापडली. ही मूर्ती लखुजीरावांच्याही काही शतके आधीची. डागडुजीसाठी उघडलेल्या जमिनीने गावाच्या इतिहासात कितीतरी शतकांची भर घातली. याच जागी घाईने यंत्र लावून पाया खोदला गेला असता तर काय झाले असते, हा विचार प्रत्येक गावकऱ्याने करावा असा आहे.

जपायचे म्हणजे काय?

जिजाऊंच्या आयुष्यातील घरांचा विचार केला तर सिंदखेडचे मोल अधिक कळते. पुण्याचा मूळ लालमहाल काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज तेथे दिसते ती विसाव्या शतकात महापालिकेने नव्याने उभारलेली वास्तू. रायगडाखाली पाचाडला, जेथे १७ जून १६७४ रोजी त्यांनी देह ठेवला, तेथील वाड्याचे अवशेष उरले आहेत. सिंदखेडला मात्र त्यांच्या जन्माचा राजवाडा आहे आणि त्याच्याभोवती जिवंत गावही आहे. वाड्याचे भव्य प्रवेशद्वार उभे आहे; आत जोती, भिंती आणि तळघरे आहेत. दरवर्षी १२ जानेवारीला येथे लाखोंच्या संख्येने लोक येतात. पण उरलेले दिवस या वास्तूची सोबत करतात ते शेजारच्या घरांतील रहिवासीच.

येथेच संवर्धनाचा खरा प्रश्न उभा राहतो. स्मारकाला कायद्याचे संरक्षण मिळू शकते. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा असे दोन कायदे त्यासाठी आहेत. केंद्र संरक्षित स्मारकांच्या बाबतीत २०१० च्या दुरुस्तीनुसार शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी घ्यावी लागते. परंतु हे कायदे स्मारकाभोवती रेघ ओढतात. त्या रेघेच्या आतील जुन्या घराची गळकी माळवदे दुरुस्त करायला कोणी मदत करत नाहीत. मग रहिवाशाला वारसा म्हणजे कटकट वाटू लागते. तो जुने घर पडू देतो, कोरीव सागवानी खांब आणि चौकटी विकतो आणि संधी मिळताच सिमेंटचे घर बांधतो. त्याला दोष देऊन भागणार नाही.

वऱ्हाड-मराठवाड्याच्या या पट्ट्यातील जुने घर हे त्या हवेला साजेसे घर होते. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या वा भाजक्या विटांच्या हातभर जाडीच्या भिंती, सागवानी तुळया आणि त्यांवर मातीचे धाबे. एका कुटुंबाचे एक घर. समोर ओसरी, मध्ये चौक, भिंतीत देवळ्या आणि धान्याचे बळद. वैशाखातही आत गारवा राही. अशा एकेका खणाच्या घरांतून गल्ली होई आणि गल्ल्यांतून वाड्याभोवतीचे गाव. ही घरे नाहीशी झाली तर राजवाडा उरेल. पण तो चित्रातून कापून काढलेल्या आकृतीसारखा एकाकी उरेल.

जुन्या वास्तूंची दुरुस्ती करतानाही सद्भावनेइतकीच जाण हवी. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की, ती तात्पुरती नवी दिसते. पण चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो कोंडून ठेवते. कोंडलेल्या ओलाव्याबरोबर क्षार वर येतात आणि काही वर्षांतच आतली वीट भुसभुशीत होते. जुने गवंडी चुना मुरवत, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचे पाणी घालत आणि घाणीत मळून मगच वापरत. दगडांच्या सांध्यांत उगवलेला पिंपळ नुसता छाटून उपयोग नसतो. त्याची मुळे वेळीच काढावी लागतात. छतावरच्या पाण्याला वाट द्यावी लागते. ही कामे दिखाऊ नाहीत, त्यांची उद्घाटने होत नाहीत. पण वास्तू टिकते ती त्यांच्यामुळेच.

इतरत्र काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. फ्रान्सने १९६२ मध्ये कायदा करून एकेक इमारत नव्हे तर संपूर्ण जुनी वस्ती संरक्षित करण्याची पद्धत आणली. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये अहमदाबादच्या जुन्या शहरातील पोळांना, म्हणजे लाकडी घरांच्या वस्त्यांना, २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. तेथे घरांची नोंद झाली, घरमालकांना हस्तांतरणीय विकास हक्कांचा मार्ग मोकळा झाला. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही विकास आराखडा करताना ऐतिहासिक वास्तू आणि स्थळे जपण्याची तरतूद आहे. म्हणजे लहान नगरपरिषदेच्याही हातात साधन आहे. ते वापरण्याची इच्छा हवी.

गावाचा ठेवा

काळाची निकड मोठी आहे. समृद्धी महामार्गाने सिंदखेडराजाला मुंबई आणि नागपूर या दोन्ही टोकांशी जोडले आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये सातशे एक किलोमीटरचा सारा मार्ग पूर्ण झाला. रस्ता आला की भूखंड पडतात, जमिनीचे भाव चढतात आणि जुन्या घरापेक्षा त्याखालची जागा मोलाची होते. विकास नको असे कोणीही म्हणणार नाही. लखुजीराव स्वतः तलाव बांधणारे, बाजार वाढविणारे होते. प्रश्न एवढाच की, नव्याला जागा देताना जुन्याची नोंद तरी आपण ठेवणार आहोत काय?

११ जुलै २०२५ रोजी शिवनेरी, रायगड, राजगड यांसह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. नातवाच्या गडांना जगाने मान दिला, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटला. त्याच अभिमानाचा थोडा वाटा आजोबांच्या घरालाही मिळावा, अशी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतील घरांची यादी करणे, त्यांची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवणे, चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि सुतार यांच्याकडून गावातील तरुणांना ते शिकविणे, माळवदाच्या दुरुस्तीसाठी रहिवाशांना थोडे अर्थसाहाय्य देणे, नव्या घरांची उंची आणि दर्शनी बाजू वाड्याला झाकणार नाही एवढे पाहणे, यांपैकी कोणतेही काम अशक्य कोटीतले नाही. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थीही यातील पहिली दोन कामे करू शकतील.

लखुजीरावांच्या आयुष्याकडे एकूण पाहिले तर त्यांच्या हाती जे आले ते बहुतेक सारे निसटले. मनसब गेली, दरबार गेला, मुलगे गेले आणि शेवटी प्राणही गेले. ज्या निजामशाहीने त्यांना मारले ती सात वर्षांत बुडाली. ज्या मोगलांनी त्यांना गौरविले त्यांचे साम्राज्यही कालांतराने संपले. टिकले ते त्यांनी सावरलेले मंदिर, अडविलेले पाणी, बांधलेले घर आणि वसविलेले गाव. दौलताबादच्या त्या काळ्या दिवशी उद्ध्वस्त झालेले कुटुंब परतून आले ते याच घराकडे. जाधवांना तेव्हा सिंदखेडने सांभाळले. आता सिंदखेडला सांभाळण्याची पाळी आपली आहे.